परत फेकलेला बॉल

६ ऑक्टोबर

दोन वर्षांच्या टीमला इतिहास हवाय! डॅरेल, आमचा अमेरिकन बॉस, आज मीटिंगमध्ये म्हणाला, तिसरा सीझन सुरू व्हायच्या आत ‘पेलिकन्सच्या इतिहासातले अविस्मरणीय क्षण’ असा व्हिडिओ पाहिजे. मी मान डोलावली. मनात म्हटलं, बारशालाच आत्मचरित्र!

पण करणार. दुबईत बेसबॉलची टीम चालवायची आणि क्रिकेटवेड्या लोकांना तिकडे ओढून आणायचं — त्याचाच पगार घेते मी.

घरी आले. कणीक आजही जास्त भिजवली. दोन वर्षं झाली, हाताला एकटीचा अंदाज येत नाही.

८ ऑक्टोबर

नौशीन आणि मी दिवसभर जुनं फुटेज बघत बसलो. (नौशीन शेजारच्या टेबलावर बसते. रत्नागिरीची. तोंडाचा पट्टा सतत चालू, पण मनाची चांगली.) धुक्यामुळे मॅच थांबली, तो दिवस. खेळाडूच्या हातून बॅट सुटून स्पॉन्सरच्या बोर्डावर आदळली, तो दिवस. आणि पहिल्याच मॅचमधला आमचा पहिला होमरन!

होमरन म्हणजे आपला सिक्सरच. फरक एवढाच, की प्रेक्षकांत गेलेला बॉल ज्याच्या हाती लागेल त्याचा. लोक तो घरी नेतात, काचेच्या पेटीत ठेवतात. आमच्या टीमच्या पहिल्यावहिल्या होमरनचा बॉल एका माणसाने झेलला — आणि मैदानात परत फेकून दिला! क्रिकेट बघत मोठा झालेला, आपल्यातलाच कुणीतरी. खालचा फिल्डर बावचळून नुसता बघत उभा.

डॅरेल डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. “फाइंड धिस मॅन!” ओपनिंग मॅचचा पहिला बॉल म्हणे त्याच माणसाच्या हातून टाकून घ्यायचा.

चेहरा दिसत नाही. कॅप, गॉगल, शॉटही फार लांबून घेतलेला.

“सुचित्राताई, आपल्या लोकांची करामातली अख्खी वस्ती कॅप घालून फिरते,” नौशीन म्हणाली. “कुठं शोधायचा हा बाबा? यल्ला, चला, पोस्ट टाकू, तोच शोधत येईल आपल्याला.”

१३ ऑक्टोबर

मुग्धाला फोन केला. “ममा, आय हॅव क्लास. बाबा इज फाइन. ही सेज यू हॅव टू डिसाइड.” खलास. फोन ठेवलासुद्धा.

ठरवायचं म्हणजे हे — शैलेंद्रचा पुण्याहून मेसेज आलाय. वकिलाकडे जायचं का, ते दिवाळी झाली की सांग. दोन ओळी, पूर्णविरामांसकट. बावीस वर्षांच्या संसाराला दोन ओळी पुरल्या!

त्याची इथली कंपनी बंद झाली आणि त्याच महिन्यात मला ही नोकरी लागली. तो म्हणाला, पुण्याला जाऊ. मी म्हटलं, आता कुठे मला माझं काहीतरी मिळालंय. “बॉल मारून पळायचं, यासाठी तू राहणार?” असं म्हणाला होता. पहिल्या मॅचचा पास मी त्याच्या ताटाशेजारी ठेवला. “बघू,” म्हणाला. आणि मॅचच्या दिवशी निघाला कुठे, तर इंटरनॅशनल सिटीत, आमच्या सोफ्याला गिऱ्हाईक बघायला! संध्याकाळी आला तो तळहात सुजवून. गाडीच्या दारात चेमटला म्हणे. मी बर्फसुद्धा दिला नाही, इतकी चिडले होते. पुढच्या आठवड्यात तो मुग्धाला घेऊन गेला. सोफा अजून इथेच आहे.

माझ्यासोबत राहिला नाही, हे मी कधीतरी सोडून देईन. पण मी काय करते ते एकदा येऊन बघितलंही नाही! तेवढं गिळवत नाही मला. तेवढंच.

१९ ऑक्टोबर

क्लिप टाकली. ‘या माणसाला ओळखता का?’ चार जण म्हणतात, मीच तो. एकाने तर पुरावा म्हणून दुसऱ्याच स्टेडियमचा फोटो पाठवलाय!

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. नौशीन आईच्या हातच्या नारळाच्या वड्या देऊन गेली. समोरच्या सगळ्या बाल्कन्यांत माळा लावल्यात. मीही लावली, एक बाजू पेटत नाही.

पूजेला सफरचंदं आणली. शैलेंद्र असता तर एक उचलून, पँटवर दोनदा पुसून, तिथेच दात मारला असता. सफरचंद, टोमॅटो, लिंबू — हातात गोल काही आलं की मांडीवर पुसणार! कॉलेजात फास्ट बोलिंग टाकायचा, तेव्हापासूनची खोड. “अरे, धू ना!” किती डोकं फिरायचं माझं. आज सगळी सफरचंदं नीट धुतली, नीट मांडली. कुणी हात लावला नाही.

फार एकटं वाटलं आज. कुणाला सांगायचंय, म्हणून इथे लिहिते.

२५ ऑक्टोबर

ठरलं. हो म्हणणार. दोन देशांत दोन घरं, मधे काही उरलेलं नाही. उगाच ओढत कशाला बसायचं? सोमवारी कळवते.

२७ ऑक्टोबर

कळवलं नाही.

सकाळी एक व्हिडिओ आला. अबूधाबीकडच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका बाईंनी पाठवला. त्या दिवशी त्या सहकुटुंब मॅचला आल्या होत्या, मोबाईलवर शूटिंग करत होत्या. तो माणूस त्यांच्या मागच्याच ओळीत होता.

नौशीनने लावला. बॉल येतो. तो उभा राहतो, नुसत्या हाताने झेलतो. हात जोरजोरात झटकतो. मग बॉल मांडीवर पुसतो — एकदा, दोनदा. आणि फेकतो.

“ताई? काय झालं? ओळखीचा आहे?”

मी म्हटलं, परत लाव.

परत लावला. मग मीच लावत राहिले. बॉल फेकल्यावर तो खाली बसतो. सगळे मैदानाकडे बघतायत, ओरडतायत. तो डावीकडे बघतोय. डावीकडे आमचा मीडियाचा तंबू होता. मी तिथे होते, दिवसभर!

आला होता. आला होता आणि मला सांगितलं नाही. सोफ्याचं नाव सांगून आला होता!

रागावू की रडू, कळेना. बाथरूममध्ये जाऊन दोन्ही केलं.

२८ ऑक्टोबर

त्याला एवढंच लिहिलं — ‘बॉल परत का फेकलास?’

वाचलंय त्याने. ऑफिसात अजून कुणाला काही बोलले नाही. नौशीननेही विचारलं नाही, न बोलता चहा आणून ठेवला. नौशीन, आणि न बोलता!

३० ऑक्टोबर

उत्तर आलं. ‘तुझी पहिलीच मॅच होती. बॉल हरवला असता तर तुला बोलणी खावी लागली असती.’

डॅरेलला सांगितलं, माणूस सापडला. पुण्याहून बोलवावं लागेल.