हिरव्या कार्डावर सही नाही

४ मार्च
शिक्षक परवाना मंडळाचं रजिस्टर्ड पत्र घेऊन पोस्टवाली डार्ला दारात. पोचपावतीच्या हिरव्या कार्डावर सही मागते. मी पडद्याआड. एकवीस वर्षं केमिस्ट्री शिकवलीय, एवढं कळतं: सही नाही म्हणजे नोटीस पोचलीच नाही. बसा बोंबलत.

७ मार्च
साधी प्रत पेटीत टाकून गेली. मी फोडली नाही. लोरेटानं फोडली. बायकोला दम कुठला!

आरोप दोन. प्रयोगशाळेत मुलांना चाळीस मिनिटं एकटं सोडलं. आणि दारू पिऊन वर्ग घेतला. दारू! मी बॅप्टिस्ट, आमच्या पंथात दारू वर्ज्य. चर्चमध्येसुद्धा वाइनऐवजी द्राक्षाचा रस पितो. मुख्याध्यापक प्रूइटला खोकल्याचं औषध आणि बर्बन व्हिस्की यांच्या वासातला फरक कळत नाही, आणि हा माणूस शाळा चालवतो. बाहेर होतो अकरा मिनिटं. कॅमेऱ्यात आहे.

तीस दिवसांत लेखी उत्तर द्या म्हणे. वाट बघा.

१५ मार्च
शिक्षक संघटनेची वकील ओपल टीग हिचा फोन. म्हणाली, क्रॅबट्री सर, ‘आरोप अमान्य’ एवढंच लिहून पाठवा हो, बाकी मी बघते. नाही लिहिलंत तर सगळं कबूल धरतात. भित्री बाई. उत्तर दिलं की नोटीस मिळाली हे सिद्ध होतं, हे हिला कोण शिकवणार?

२ एप्रिल
मंडळानं सुनावणीची हिंमत केलीच, तर भाषण तयार. बावीस पानं. सातव्या पानावर प्रूइट रडेल.

८ एप्रिल
मुदत संपली. काहीही झालं नाही. ओपलला मुद्दाम फोन करून सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला. हरली!

१६ मे
नवा टाय लावून राजधानीत, मंडळाच्या बैठकीला. उत्तर न देणाऱ्यांची यादी. सत्तावीस नावं एका दमात वाचली, सगळ्या सदस्यांनी हात वर केले, जेवायला उठले. मी पहिलं पान काढून उभा. कारकून बाई म्हणाली, बसा सर, सुनावणी उत्तर देणाऱ्यांची होते.

परवाना रद्द. नोटीस नोंदवलेल्या पत्त्यावर पाठवली, म्हणजे पोचली. चाळीस मिनिटं: मान्य. दारू: मान्य. ओपल म्हणते, उत्तर दिलं असतं तर नुसती ताकीद मिळाली असती.

२९ मे
आदेश मंडळाच्या वेबसाइटवर. गावभर झालं. पाद्री ब्रदर एल्रॉय पीच कॉब्लरचं गोडधोड घेऊन आले. दारू सोडणाऱ्यांचा गट चर्चच्या तळघरात भरतो, दर गुरुवारी. म्हणाले, सरकारदरबारी कबूल करायला छाती लागते, हार्लन.

अकरा मिनिटांचं सांगायला तोंड उघडलं, तर लोरेटा रडायला लागली. म्हणाली, खोटं असतं तर एक ओळ लिहिली असतीस ना रे तू?

गुरुवारी सातला जायचंय. ती सोडायला येणार आहे.