समुद्राकडून सुरुवात

१७ ऑगस्ट, रविवार दुपार

प्रिय चिमणे,

आशीर्वाद. आम्ही मजेत. तुझे भावोजी सकाळपासून नवे बूट घालून जिना चढउतार करतायत. खालची बाई विचारून गेली, घर बदलताय का!

मला तर आपण पायी चालायची ठरवलेली वाट दिवसाढवळ्या दिसते. शिलाई मशीनवर पाय चालतो नि मी कुठल्या कुठे. वर डोंगरातलं धुकं, मग नदीकाठ, मोठाली कुरणं, आणि शेवटी वाळू. दर वर्षीच्या सुट्टीत एक टप्पा, सातव्या वर्षी समुद्र. परवा गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटाला एक बाही चक्क उलट्या बाजूने लावली. दुकानात सगळे पोट धरून हसले. म्हटलं, मी डोंगरात होते.

एक सुचवू? आपण समुद्राकडून सुरुवात करू. तू म्हणशील, अगं, म्हणजे सगळा चढच की! शहाणी माणसं उतरत येतात. पण पहिल्या वर्षी सपाट वाळू, पायांना जरा सवय होईल. शिवाय तिकडची हवा चांगली. शिवाय भावोजींचे गुडघे.

जाऊ दे. तुझ्यापुढे थापा मारायला मला कधी जमलं नाही.

ती बाही तंद्रीत चुकली नाही गं. काळ्या कापडाची उलट-सुलट बाजू मला कळलीच नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, कडेकडेनं अंधार येतोय, चष्म्यानं भागणार नाही. मधलं दिसणं तीन-चार वर्षं टिकेल. पुढचं त्यांनाही सांगता येईना. ह्यांना अजून बोलले नाही. बुटांवर इतके खूश आहेत की तोंडच उघडवत नाही.

चिमणे, मी अजून समुद्र पाहिलेला नाही. मला तो नुसता ऐकायचा नाहीये, बघायचाय. फार भीती वाटते, म्हणून हे लिहितेय.

पण वाट अर्धी सोडायची नाही हं. सातही वर्षं चालायचं. शेवटी शेवटी मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून येईन आणि तू सांगायचंस, झाड कुठलं, पान पोपटी की गडद, धुकं किती खाली आलंय. लहानपणापासून तुला ‘गप बस गं’ म्हणत आले, ते सगळं आज मागे घेते.

तुझी बडबड आतापासून राखून ठेवणारी,
ताई