दाढांच्या तक्त्यावरील लाल शाईबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सार्वजनिक दंत रुग्णालय,
दुसरा मजला.

विषय : खालच्या जबड्याच्या तक्त्यावर लाल शाईने दुरुस्ती करणारा इसम मीच असल्याचे कळविणे व प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ बाईंना निर्दोष ठरविण्याची विनंती.

संदर्भ : आपले पाच महिन्यांपूर्वीचे पत्र, ज्याला मी उत्तर दिलेले नाही.

महोदय,

संदर्भातील पत्र मला वेळेवर मिळाले होते. गहाळ झाले म्हणावे, तर पोचपावतीवर माझी सही आहे. "तक्त्यावरील लाल शाईतील दुरुस्ती कोणी केली, याबाबत काही माहिती असल्यास सात दिवसांच्या आत कळवावे," असे आपण विचारले होते. माहिती होती. मी उत्तराचे चौदा मसुदे केले. मसुदा तपासला की चुका निघत, चुका काढल्या की भाषा सुधारे, आणि भाषा सुधारली की मीच निर्दोष वाटू लागे. म्हणून एकही पाठवला नाही. हा पंधरावा. तो मी पुन्हा वाचणार नाही.

१. मी एका छापखान्यात एकेचाळीस वर्षे मुद्रितशोधक होतो. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुकांवर लाल खुणा करणे, एवढेच मला येते. चारचौघांत बोलणे येत नाही. माझ्या खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंच्या दोन-दोन दाढा नव्हत्या. डावीकडचे हाड झिजल्यामुळे फक्त उजवीकडे, हाडात धातूचे दोन स्क्रू रोवून त्यांवर दाढा बसवाव्यात, असे आपल्या विभागप्रमुखांनी ठरविले. तसा तक्ता भरून माझ्याकडे सहीसाठी दिला. लोक सही करतात आणि देतात. मी तो वाचला. सगळे अरिष्ट त्या वाचनातून उद्भवले आहे.

२. तक्त्यावर डाव्या हाताला 'उजवी बाजू' आणि उजव्या हाताला 'डावी बाजू' असे छापलेले होते. दातांचे आकडे आठपासून एकपर्यंत उतरत मध्यावर येत आणि तिथून पुन्हा आठपर्यंत चढत. असला गलथानपणा मी उभ्या हयातीत पाहिला नव्हता. हात आपोआप खिशाकडे गेला. दोन्ही शब्दांना वेढणारी अदलाबदलीची खूण मी केली, समासात 'बाजू बदलावी' असे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि खाली सही केली. डॉक्टर रुग्णासमोर उभे राहून तोंडात पाहतात, त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू त्यांच्या डाव्या हाताला येते आणि तक्ता तसाच काढतात, हे मला ठाऊक नव्हते. आपल्या रुग्णालयात लाल शाईने फक्त विभागप्रमुख लिहितात, हेही ठाऊक नव्हते.

३. तंत्रज्ञ बाईंनी लाल अक्षरातला हुकूम साहेबांचा समजून तंतोतंत पाळला. भोक नेमके कुठे पाडायचे हे दाखविणारा प्लास्टिकचा साचा त्यांनी डाव्या बाजूचा बनविला. शस्त्रक्रियेच्या दिवशी तो माझ्या तोंडात असा चपखल बसला की मला भरून आले. तेवढ्यात विभागप्रमुखांनी क्ष-किरण चित्राकडे पाहिले आणि ओरडले, "थांबा! ही बाजू कोणी सांगितली?" खोलीतले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मी छताकडे पाहू लागलो. माझा जबडा तेव्हा बधिर केलेला होता, ही सबब मी पुढे महिनाभर स्वतःला देत राहिलो. लिहिणारा हात बधिर नव्हता, हे आता कबूल करतो.

४. इजा कोणालाही झाली नाही. बाईंनी आठवड्याभरात उजव्या बाजूचा साचा करून दिला, स्क्रू बसले आणि हाडाने ते धरेपर्यंत मी चार महिने खिमट खाऊन काढले. तेवढ्या काळात इकडे बाईंवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवून चौकशी सुरू झाली. साहेब म्हणतात, मी लिहिले नाही. बाई म्हणतात, मी वाचले तेच केले. दोघेही खरे बोलत आहेत. गप्प बसलेला तिसरा माणूस रांगेत टोकन क्रमांक सत्तावीस घेऊन बसत होता.

५. मी का बोललो नाही? लाजाळू स्वभाव वगैरे मी मसुद्यांतून लिहिले होते. खरे कारण एकच : मला दाढा हव्या होत्या. गुन्हा कबूल केला तर उपचार थांबतील, अशी भीती वाटली.

६. परवा दाढा बसल्या. बाई स्वतः वर आल्या होत्या. दातांमध्ये निळा कागद धरून त्या म्हणाल्या, "आजोबा, चावा. अजून. घाबरताय काय, तुमच्याच आहेत!" जिथे दाढ उंच लागे तिथे निळा ठिपका उमटे, तेवढेच घासून त्या पुन्हा कागद धरत. दाढेचेही प्रूफ काढतात, महोदय! आणि किती बारकाईने! सहा वेळा तपासले. मी इतक्या वेळा शब्दकोशही तपासला नसेल. मग त्या परिचारिकेला म्हणाल्या, "शुक्रवारी माझी सुनावणी. चुकीची बाई म्हणून पाठवतील तळघरात, जुन्या नोंदी लावायला. जाऊ दे. आजोबांचं तोंड तरी मार्गी लागलं." माझ्या तोंडात तेव्हा तो निळा कागद होता. पण तो काढल्यावरही मी नुसता "थँक्यू" म्हणालो आणि चालू लागलो.

७. रस्त्यात मी एक कडक पेरू घेतला. फळवाला म्हणाला, "आजोबा, पिकलेला देतो की." मी म्हणालो, "नको! दगडासारखा द्या!" एवढ्या मोठ्याने मी आजवर कोणाशी बोललो नव्हतो. पेरू उजवीकडे घेतला आणि चावला. काय तो आवाज! पुढे जाणारे दोघे थबकून मागे वळले. त्यानंतर गाजर खाल्ले, काकडी खाल्ली, शेंगदाणे खाल्ले, सफरचंद बियांसकट खाल्ले. पत्नी म्हणाली, "अहो, आता टेबल तेवढं सोडा." मग मी तिला सारे सांगितले. ती बराच वेळ हसली आणि एकदम गंभीर झाली. "म्हणजे त्या बाईंच्या नोकरीवर तुम्ही पेरू खाताय?" मी हातातले शेंगदाणे खाली ठेवले आणि कोरा कागद घेतला.

तरी विनंती की,

(अ) शुक्रवारच्या सुनावणीपूर्वी हा कबुलीजबाब वाचून बाईंवरील ठपका काढावा व त्यांना प्रयोगशाळेतच ठेवावे. त्यांना तळघरात पाठविणे म्हणजे गावातल्या निम्म्या तोंडांचे नुकसान आहे.

(आ) मला योग्य ती शिक्षा करावी. रुग्णालयाच्या आवारात पेन बाळगण्यास मनाई केल्यास माझी हरकत नाही.

(इ) दोन्ही दाढा पुरावा म्हणून जप्त करू नयेत. मात्र त्यावाचून बाई सुटतच नसतील, तर मी खुर्चीत येऊन बसेन. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, तरी ते खरे आहे.

सोबत :
१. माझे लाल पेन.
२. आपले संदर्भातील पत्र. त्यात 'आत' हा शब्द दोनदा पडला होता, तो मी सवयीने लाल शाईत काढला आहे. अक्षर तक्त्यावरील अक्षराशी ताडून पाहावे. दुसरा पुरावा लागणार नाही.

आपल्या पाच महिन्यांच्या प्रतीक्षेबद्दल ओशाळलेला,
आपला नम्र,
(सही)
सेवानिवृत्त मुद्रितशोधक,
टोकन क्रमांक सत्तावीस
बुधवार, दुपार

(पाकिटाच्या मागील बाजूस)

मा. अधीक्षकांनी तातडीने उघडावे. हे मी हाती द्यायला आज दोनदा आपल्या जिन्यापर्यंत आलो आणि दोनदा माघारी फिरलो, म्हणून टपालाने पाठवीत आहे. उद्या सकाळी पोचेल, असे टपाल कचेरीच्या खिडकीतल्या बाई म्हणतात. त्या असेही म्हणतात, "आजोबा, पाकिटावर कादंबरी लिहिताय का? द्या इकडे!" त्यांनी शिक्का उचलला आहे. तो या ओळीवर बसून अक्षरे पुसली गेली, तरी माझी हरकत नाही. दिले.