माळ्यावरचा पाळणा

वेल्हे,
शुक्रवार, ता. ८ नोव्हेंबर १९६८

सोपानदादास बनाचा नमस्कार.

आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. दिवाळीच्या पत्रात मी लिहिलं होतं की आपल्या पाच कोंबड्या रोगानं गेल्या. ते खरं नाही. रोग असता तर शेजारच्या ठकुबाईच्याही गेल्या असत्या. तिच्या कोंबड्या आपल्याच उकिरड्यावर चरतात आणि अजून धडधाकट आहेत. मेल्या त्या फक्त नव्या डालग्याखाली झाकलेल्या. नाना म्हणाले, "मर आली आसं लिव," आणि मी लिहिलं. शब्द नानांचे, अक्षर माझं, खोटं दोघांचं.

रखमाजीभाऊ, हे पत्रही दादाला तुम्हीच वाचून दाखवणार. तुम्ही भिडस्त आहात म्हणून सांगते, एकही ओळ गाळू नका. खोलीतली बाकीची मंडळी ऐकत असतील तर ऐकू द्या. त्यांच्यातल्या दोघांच्या घरी आमच्याकडची सुपं गेली आहेत.

आई बरी आहे. गुडघा धरतो, पण कुणाला दाबू देत नाही. रतनवहिनीला सातवा लागला. चिंचा मागते, आणि दिल्या की आंबट आहेत म्हणून तोंड वेंगाडते. खुशाली एवढीच. याच्या पुढची खुशाली नाही.

दादा, भाद्रपदात गौरीला तू आलास तेव्हा धोतराच्या फडक्यात पांढरी पावडर बांधून आणलीस. गोदामात पोती फाटतात, खाली सांडलेली झाडून आणली, पिकावरच्या किडीवर मारतात, टोपल्यांच्या भुंगेऱ्यालाही चालेल, असं म्हणालास. फडक्यात पोत्याच्या कागदाचा एक तुकडा आला होता. नानांनी तो माझ्या हातात दिला. "वाच गं, काय लिवलंय?" मी वाचलं, "किडीचा समूळ नाश करते." नाना खूश झाले. त्याच्या खाली तांबड्या अक्षरांत आणखी एक ओळ होती. धान्य, चारा, भांडी आणि लहान मुले यांच्यापासून दूर ठेवावी. ती मी मनात वाचली. कागदाची घडी केली आणि माझ्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकात ठेवून दिली.

तू म्हणशील, दोष माझा. आहेच. पण तो मी स्वतःच्या तोंडानं सांगते, तू तुझा सांगितला नाहीस. पावडर आणलीस तेव्हा तू तुझे कपडे आईला धुऊ दिले नाहीस. ओढ्यावर जाऊन स्वतः वेगळे धुतलेस. आई म्हणाली, "पुण्याला जाऊन ल्योक शाना झाला." गोदामात तुम्ही नाकाला फडकं बांधता हे वहिनीला तूच सांगितलं आहेस. ज्या वस्तूपुढं नाक बांधायचं, ती बापाच्या हातात उघडी द्यायची?

मी ओळ का लपवली, तेही लिहिते. आषाढात पुण्याच्या व्यापाऱ्याचं करंड्यांचं काम आलं तेव्हा नाना नको म्हणत होते. दसऱ्याआधी कळक तोडायचा नाही, तोडायचा तो वद्य पक्षातच, आणि तीन पावसाळे पाहिलेलाच. नाहीतर गोड राहतो आणि भुंगेरा लागतो. हे नानांना त्यांच्या बापानं सांगितलेलं. मी हसले. भोरला राहून मॅट्रिक झालेली, घरातली पहिली शिकलेली! "नाना, चंद्र कुठं, भुंगेरा कुठं? ही अडाणी समजूत आहे." आषाढीला तू घरी आला होतास, नानांनी तुझ्याकडं पाहिलं. तू म्हणालास, "बना शिकलीया, तिला म्हाईत." आणि नाना गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं मी जिंकणं समजले.

मग भर पावसात ओढ्याकाठची बांबूची तिन्ही बेटं तोडली. शुद्ध नाही, वद्य नाही. यंदा फुटलेले हिरवे कोवळे कळकसुद्धा ठेवले नाहीत. श्रावण सरला तशी प्रत्येक टोपलीतून पिवळं पीठ गळायला लागलं. लोक टोपल्या परत आणून ओट्यावर टाकायचे. पासलीची साळूबाई चारचौघांत म्हणाली, "का ओ बुरुडमामा, टोपलीसंगं पीठ फुकट देताय व्हय? दळणाचा तरास वाचला!" सगळे हसले. नानाही हसले. चाळीस वर्षांत त्यांची टोपली कधी परत आली नव्हती. घरात मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यामुळं तुझी पावडर आली तेव्हा ती लागू पडावी असं सगळ्यात जास्त मलाच वाटत होतं. तांबडी ओळ म्हणून गिळली, आणि नाना प्रत्येक नव्या टोपलीला, सुपाला, डालग्याला पावडर चोळू लागले.

चंद्राचं मला अजूनही पटत नाही. पण वद्य पाळलं की महिन्यातले पंधरा दिवस बेटाला कोयता लागत नाही, आणि तीन पावसाळे थांबलं की कोवळा कोंब उभा राहतो, एवढा हिशेब कळायला मॅट्रिक लागत नव्हती. नानांना कारण सांगता आलं नाही, म्हणून मी नियमच खोटा ठरवला. यंदा बेटांत जा आणि बघ. जवळजवळ नुसती खुंटं आहेत. पावसात ओढ्यानं तिथली माती नेली, मुळं उघडी पडली आहेत.

आता पाळण्याचं. हेच लिहायला चार दिवस बसते आहे.

दसऱ्यानंतर तुझं पत्र आलं. रखमाजीभाऊ, अक्षर तुमचंच होतं, तुम्हाला आठवत असेल. शेवटी ओळ होती, "आमच्या पाळण्याला ती पावडर लावू नये." मी मोठ्यानं वाचली. नाना म्हणाले, "बरं." आई चुलीपुढून वळली नाही. का लावू नये, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. नानांनी माळ्यावरचा तीन वर्षांपूर्वीचा कळक उतरवला, आठ दिवस बसून तुझ्या बाळासाठी पाळणा विणला, फडक्यात गुंडाळून परत माळ्यावर टांगला. आणि त्याच आठवड्यात, त्याच ओट्यावर, साळूबाईच्या नातवंडाचा पाळणा पावसातल्या कळकाचा विणला. सांध्यासांध्यात पावडर चोळली. पांढरं दिसू नये म्हणून वर हिरवा-तांबडा रंग दिला. रंग मी दिला, दादा. पोपट काढले.

कोंबड्या तोवर मेल्या होत्या. तरीही परवा मंगळवारी साळूबाई पाळणा न्यायला आली तेव्हा मी तो उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. नात झाली म्हणून हरखली होती. "पोपट काय गं काडलंयस! बोलत्याल आता. रईवारी बारसं हाय, तू यायचंच. शिकलेली हायस, नाव तूच सुचव." मी हो म्हणाले. त्यांच्यात बारशाआधी पोर पाळण्यात घालत नाहीत, म्हणून ती पोरगी अजून आईच्या कुशीत आहे. रविवारी तिला त्यात घालतील. पाळणा तोंडाशी असतो. चार-पाच महिन्यांत पोर काठ चघळायला लागतं.

काल जेवणं झाल्यावर भूगोलाच्या पुस्तकातला कागद काढला आणि नानांपुढं सगळा वाचला. तांबडी ओळ दोनदा वाचली.

नाना म्हणाले, "तवाच का न्हाई वाचलीस?"

"लाज वाटली. तुमचं ऐकलं नव्हतं म्हणून. पण नाना, दादाच्या पाळण्याला तुम्ही पावडर का नाही लावली?"

त्यांनी कोयत्याची मूठ पुसली. मग म्हणाले, "आपलं त्ये आपलं आसतंय, बना."

तेव्हा आई बोलली. चुलीपुढूनच. "आन् साळूबाईचं काय मग? डालग्याखालचं व्हय?"

त्यावर नाना उठून बाहेर गेले. आज सकाळी ग्रामसेवकांना विचारून आले. ते म्हणाले, धुऊन जात नाही, ओढ्यात धुवाल तर मासे मरतील, जाळू तर मुळीच नका, पाण्यापासून लांब खोल पुरा. नानांनी वरच्या मुरमाड टेपावर कमरेएवढा खड्डा खणला. उरलेली पावडर, ते डालगं, ओट्यावरची सगळी सुपं, रोवळ्या त्यात गेल्या. मी हात लावू लागले तर ओरडले, "तू लांब व्हय! म्हाताऱ्याचं काय जातंय?" डोळ्यांना फडकं लावलं होतं. पावडरीमुळं की कशामुळं, मी विचारलं नाही. येत्या बाजारात आमच्या जागेवर नानांशेजारी मी बसणार आहे. भाद्रपदापासून नेलेली प्रत्येक वस्तू परत आणा, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणार आहे. का, तेही सांगणार. नाना म्हणाले, "पुन्यांदा कोन घील मग आपल्याकडनं?" मी म्हटलं, घेणार नाहीत. बेटांनाही दोन-तीन वर्षं लागतील. नवा कोंब फुटेल त्याला मी साल कळावं म्हणून चुन्याचा पट्टा मारणार आहे. तीन पट्टे झाल्याशिवाय कोयता नाही. तोवर वर्षाला शंभर टोपल्यांऐवजी वीस होतील. वीस विणू. पीठ गळणार नाही.

तुझ्यावर मी रागावले आहे आणि तो राग जाईल असं मला वाटत नाही. तू अडाणी आहेस म्हणून तुला सोडून देता आलं असतं. पण ती एक ओळ लिहवून घेताना तू अडाणी नव्हतास. आपलं पोर आणि लोकांचं पोर, तुला दोन्ही दिसत होती आणि तू त्यातलं एकच वाचवलंस. मी आणि नानांनी तुला साथ दिली. आपण तिघांनी मिळून हे केलं.

साळूबाईकडं रिकाम्या हातानं जाता येत नाही. बारशाच्या घरातून पाळणा उचलून आणायचा आणि "पोर जमिनीवर ठेवा" म्हणायचं, असं होत नाही. चांगल्या कळकाचा पाळणा घरात एकच आहे. तो मी खाली उतरवला आहे. वहिनीला विचारल्याशिवाय नाही. ती पाळण्यापाशी आली. मग पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "न्या वन्सं. माज्याला अजून येळ हाय." तुला मी विचारलेलं नाही. हे पत्र तुला सोमवारी मिळेल, आणि म्हणूनच आज टाकते.

वद्य चालू आहे. तुझ्या बाळासाठी एखादा जुना कळक बेटाच्या आतल्या अंगाला अजून उभा असेल. रजा काढून ये आणि तुझ्या हातानं तोड. नाना दाखवतील कुठला. या वेळी त्यांचं ऐकू.

अर्धा कागद वाचलेली तुझी बहीण,
बना

ता.क. चार दिवस मी रोज 'उद्या जाते' म्हणते आहे आणि रोज पाय मागे येतो. म्हणून दिवस लिहून ठेवते, रखमाजीभाऊंनी तो सगळ्यांदेखत वाचावा. माळ्यावरचा पाळणा डोक्यावर घेऊन, तांबड्या ओळीचा कागद कमरेला खोचून, साळूबाईला सगळं सांगायला मी पासलीची वाट धरणार तो दिवस: शनिवार, ता. ९ नोव्हेंबर, उजाडताना.