उशीच्या अभ्र्यातली हवा

३ नोव्हेंबर, सकाळ
गच्चीवर हवा मोजणारा डबा बसला. पाच देशांचा संयुक्त प्रकल्प. दर पाच मिनिटांनी आमचा आकडा डेन्मार्कला जातो. देखरेख: मी. पनवेलहून आलेल्या प्रकल्पाच्या विनिता मॅडम म्हणाल्या, खाडीपलीकडच्या टायर जाळणाऱ्या भट्टीचा धूर आकड्यांत दिसला, तर ती बंद करायला सांगता येईल. म्हणजे आईच्या दम्याचा प्रश्न महिन्याभरात सुटणार. निश्चय: डबा रोज पुसणे.

६ नोव्हेंबर
ॲपवर माझे नाव. खाली लाल अक्षरांत ‘अतिशय खराब’. पाच देशांनी पाहिले असणार. जेवण गेले नाही.

७ नोव्हेंबर, संध्या. ६
धूर रोज याच वेळेला येतो. सूचनापत्र, पान ४: यंत्र स्वच्छ ठेवावे. म्हणून सहा ते नऊ डब्याला उशीचा ओला अभ्रा घातला. आकडा ३८. हिरवा. अभ्रा काळा झाला, म्हणजे उपाय शास्त्रीय आहे.

१५ नोव्हेंबर
शेजारचे धर्माकाका खालून म्हणाले, "परेश, नवरीला घुंगट घातलास, वरात कवा?" त्यांना आंतरराष्ट्रीय काम कळत नाही.

२२ नोव्हेंबर
आईला दोनदा वाफेचे मशीन लावावे लागले. धीर यावा म्हणून आकडा वाचून दाखवला. म्हणाली, "हवा चांगली हाय, मंग माजी छाती कशाला वाजते?" थंडी असावी.

४ डिसेंबर
डेन्मार्कहून ई-मेल. किनाऱ्यावरच्या केंद्रांत आमचे सर्वांत स्वच्छ. अभिनंदन. प्रिंट काढून लॅमिनेट केली.

१२ डिसेंबर
ग्रामसभा. भट्टीच्या साहेबांनी पडद्यावर माझा हिरवा आलेख दाखवला. त्यांची दुसरी भट्टी बांधून तयारच आहे. आलेख बघून कोणी हरकत घेईना. धर्माकाका माझ्याकडे बघत राहिले. आलेख मात्र सुबक दिसत होता.

१८ डिसेंबर
विनिता मॅडम डबा काढून घेऊन गेल्या. म्हणाल्या, इथे गरज नाही. खरे सांगणार होतो. आधी मुद्दे नीट लिहून काढावेत असे ठरवले. तिसऱ्या मुद्द्यापर्यंत आलो, तोवर त्यांची गाडी निघून गेली.

२ जानेवारी, दुपार
दुसरी भट्टी सुरू. आता धूर सकाळीही. आईला पनवेलला दाखल केले. फॉर्म मीच भरला. प्रश्न: घराजवळ धूर असतो का? ‘नाही’ लिहिले. पाच देशांत गेलेल्या नोंदीशी विसंगत नको. डॉक्टरांनी आईची छाती तपासली, मग नखे पाहिली. निळी होती. फॉर्म माझ्यापुढे सरकवला. पुन्हा भरा म्हणाले.