पेठेखालचा नकाशा

सातारा, ता. ४ डिसेंबर १९९४

चि. उमास मधुदादाचे अनेक आशीर्वाद.

दुकान बंद केल्यावर दिवसभर करतोस काय, असं विचारलंस. हाताने केलेलं सांगतो: सागाची साडेचार फुटी काठी, टोकाला पितळी टोपी, मोजायची साखळी, कडी न् कडी तपासलेली, आणि मांजरपाटावर आपल्या पेठेचा नकाशा, एका इंचाला वीस फूट. त्यात घरं नाहीत, रस्त्याखालचे जुने खापरी नळ आहेत. काठी जमिनीवर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला की पाणी ऐकू येतं. हे मला कोणी शिकवलेलं नाही.

परवा टेलिफोनच्या केबलसाठी चर खणणारे दाराशी आले. दोनदा नळ फोडला होता, म्हणून कोणीतरी माझं नाव सांगितलं. मी म्हणालो, नळ तुमच्या पायाखाली आहे, अडीच फूट उत्तरेला सरका. नाथाजी मुकादमाने खात्रीसाठी उकरून पाहिलं, दीड हातावर खापर लागलं. म्हणाला, आवं दादा, तुमास्नी जमिनीखालचं दिसतंय का काय! सहा जणांना चहा केला. तुझी वहिनी गेल्यापासून ते कप फडताळातून निघाले नव्हते.

त्यांचा ठेकेदार नकाशा विकत मागतो आहे. काय करू, कळव.

तुझा मधुदादा


माधवनगर, ता. ११ डिसेंबर

ती. दादास उमाचा शि. सा. नमस्कार.

पाण्याबद्दल एवढं लिहिलंस, आणि जेवलास काय याची एक ओळ नाही. भर रस्त्यात काठीला कान लावून बसतोस, लोक हसत असतील रे! देऊन टाक तो नकाशा आणि इकडे ये, कायमचा. वल्लरी सासरी गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे. हे म्हणतात, दादांनी आमचं गटारही ऐकावं, वर्षभर तुंबलंय.

ठेकेदार किती देतोय ते मात्र लिहिलं नाहीस. चहाचे कपसुद्धा मोजून लिहिणारा तू!

वाट पाहते. रागावू नकोस.

तुझी उमा


सातारा, ता. १९ डिसेंबर

चि. उमास अनेक आशीर्वाद.

तुंबलेल्या गटाराला आवाज नसतो, असं तुझ्या यजमानांना सांग.

ठेकेदार येऊन गेला. म्हणाला, नकाशा हाती आला की तुम्हाला रोज त्रास द्यायला नको. मी म्हणालो, हौदाजवळची बारा फुटांची रेघ अजून ठिपक्यांची आहे, अपुरा माल मी देत नाही. उमा, ती रेघ मी ऑक्टोबरातच पक्की केली आहे. मापाच्या बाबतीत खोटं बोललो ते आयुष्यात पहिल्यांदा.

तेव्हापासून नाथाजी रोज सकाळी येतो, आज कुठं खणू विचारतो. मी काठी घेऊन निघतो. पुढच्या सोमवारपर्यंत चर पेठेच्या टोकाला पोचेल, मग ते पुढच्या गावी जातील. तोवर कप बाहेरच ठेवले आहेत. तुझ्याकडे यायचं नंतर बघू. तिथल्या रस्त्याखाली काय आहे, मला माहीत नाही.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा मधुदादा

ता. क. पुन्हा विचारशीलच, म्हणून लिहितो. नकाशाचे सात हजार देत होता, रोख. नको म्हणालो.