मसुराच्या दाण्याएवढा डाग

३ मार्च
आजपासून रोजनिशी. डायरी विमा एजंटनं जानेवारीतच दिली होती, पण घाईघाईनं काही सुरू करायचा माझा स्वभाव नाही.

कारण असं. माझ्या खिडकीकडच्या हातावर, कोपराच्या जरा खाली, एक काळपट डाग आहे. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी, माझं कोपर खिडकीत. दोन्ही हात जवळजवळ धरले तर दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. डाग आज हिच्या नजरेस पडला. मी आधीच पाहिला होता. बोललो नव्हतो इतकंच.

४ मार्च, संध्याकाळ
आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, घाबरायचं काही कारण नाही. मग चष्मा पुसून पुन्हा म्हणाले, घाबरायचं काही कारण नाही. एकदाच म्हणाले असते तर बरं झालं असतं.

स्किन स्पेशालिस्टला लवकर दाखवा, तोवर डाग वाढतोय का ते बघा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, दर दोन तासांनी सनस्क्रीन. शिवाय तळलेलं बंद, गोड बंद, भाज्या-फळं भरपूर, पाणी भरपूर. वजन ८६. माझा प्रश्न होता हाताचा, हे पोटावर कसे घसरले कळलं नाही.

घरी आल्यावर ही म्हणाली, उद्याच फोन करा. हिला प्रत्येक गोष्टीची काळजी. मी शांत आहे.

५ मार्च
फोन केला. रिसेप्शनिस्टनं ९ तारीख दिली. पण नऊला माझ्या तीन जणांची लायसन्स टेस्ट. १८ घेतली. जबाबदार माणसाला स्वतःच्या हाताआधी दुसऱ्याचा रिव्हर्स बघावा लागतो. हिनं विचारलं, कधीची? सांगितलं, त्यांच्याकडे गर्दी आहे.

डाग मोजायची पद्धत शोधली. पट्टीवरचे मिलिमीटर चष्म्याशिवाय दिसत नाहीत आणि चष्मा लावला की हात लांब पडतो. मग स्वयंपाकघरातल्या बरणीतून अख्ख्या मसुराचा एक दाणा घेतला. डागावर ठेवला. तंतोतंत! दाणा काड्यापेटीत ठेवला, काड्यापेटी गाडीच्या ड्रॉवरमध्ये. आता रोज सकाळी सव्वासातला मोजणी. सायंटिफिक काम.

७ मार्च
संकल्प. पाचला उठणे. चाळीस मिनिटं चालणे. डब्यात फक्त काकडी, गाजर, उकडलेले मूग. बेकरीकडे मान न वळवणे. लेकीनं कुरिअरनं सनस्क्रीनची ट्यूब आणि एक रुंद काठाची टोपी पाठवली आहे. बाप म्हणजे काय, हे मुलींना कळतं.

८ मार्च
सातला उठलो. सुरुवात हळू केलेली बरी.

९ मार्च
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, दोन बोटांवर भरून क्रीम घ्यायचं, एका हाताला तेवढं लागतं, आणि दोन तासांनी पुन्हा. या हिशेबानं ट्यूब पंधरवड्यात खलास. मी फक्त डागावर ठिपका लावतो. शत्रू जिथे, गोळी तिथे.

तिघांपैकी दोघं टेस्ट पास झाले. केक आणला होता. विद्यार्थ्याचं मन मोडायचं नसतं. दोघांचं मोडलं नाही.

डाग: दाण्याएवढाच.

११ मार्च
टोपी प्रकरण. टोपीचा काठ सीटच्या मागच्या उशीला लागतो आणि टोपी पुढे सरकून डोळ्यांवर येते. आज नेमकी सिग्नलला आली. शेजारी होत्या ब्रेकबाई. त्या एका शाळेत शिक्षिका आहेत, वय पंचावन्न, रस्त्यावर पालापाचोळा हलला तरी ब्रेक दाबतात म्हणून मी (मनातल्या मनात) ठेवलेलं नाव. त्यांनी नेहमीप्रमाणे उगाच ब्रेक दाबला. समोर खरंच बस होती. योगायोग. टोपी मागच्या सीटवर ठेवली. तिथेही ऊन येतं, तिचा उपयोग होतोच आहे.

१३ मार्च
डबा पूर्ण खाल्ला. काकडीचा एक तुकडाही उरवला नाही. पौष्टिक आहार पूर्ण झाला, त्यानंतरचं मोजायचं नसतं. त्यानंतर: दोन क्रीम रोल, वेफर्सचं लहान पाकीट. लहान होतं म्हणून दुसरं.

१६ मार्च
ऊन खिडकीतून येतं, मग माणसावर कशाला उपाय करायचे? खिडकीवर करावेत. आतून वर्तमानपत्र चिकटवलं. काय गारवा! ब्रेकबाई म्हणाल्या, सर, त्या बाजूचा आरसा दिसत नाही. म्हटलं, अंदाज घ्या, अंदाजच शिकायचा असतो.

दुपारी विजेच्या खांबाला घासलो. पत्र्याला एक लांब रेघ. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी त्यांना म्हणणार होतो, पण त्यांचा चेहरा बघितला. वर्तमानपत्र काढलं.

१७ मार्च
उद्या स्पेशालिस्ट. सकाळपासून पोटात कसंतरी होतंय. मूग बाधले असणार. अशा पोटानं डॉक्टरांसमोर जाणं बरं नव्हे. फोन करून २८ घेतली. रिसेप्शनिस्ट म्हणाली, नक्की ना? म्हटलं, नक्की म्हणजे काय, शब्द आहे माझा.

फोन ठेवल्याबरोबर पोट थांबलं. फ्राइज खाऊन बघितल्या. पचल्या.

हिनं विचारलं, आता कधीची? सांगितलं, त्यांनीच पुढे ढकलली.  ही नुसती मानेमागे हात नेऊन उभी राहिली. शाळेच्या ऑफिसात दिवसभर मान खाली घालून बसते, अवघडत असेल.

२० मार्च
चालायला गेलो! सकाळी सहा पन्नास. कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावर बेकरी आहे, ही काही माझी चूक नाही, रस्ताच तसा आहे. ताजे बन निघत होते. ब्राऊन घेतले. रंगानं ब्राऊन, आतून मला काय माहीत.

डाग: दाण्याएवढाच. जरा एका बाजूनं बाहेर वाटतो. दाणा नीट ठेवला नव्हता.

२१ मार्च
पाच वेळा मोजला. शिकवताना चित्त थाऱ्यावर नाही. एका पोराला राउंडअबाउटला तीन फेऱ्या मारायला लावल्या. त्यानं विचारलं, सर, कुठून बाहेर पडायचं? खरंच आठवेना.

२४ मार्च
ड्रॉवरमध्ये पाण्याची बाटली सांडली. भरपूर पाणी प्या म्हणतात, त्याचे हे परिणाम. गाडीची कागदपत्रं डॅशबोर्डवर वाळत घातली. काड्यापेटी ओली झाली पण दाणा शाबूत आहे.

२५ मार्च, सकाळी ७.१५
डाग कमी झाला!!

हाताला खोटं सांगता येत नाही. दाणा ठेवला आणि डाग त्याच्याखाली पार झाकला, चहूबाजूंनी कातडी दिसली. तीन आठवड्यांची तपश्चर्या फळाला आली. सनस्क्रीन थेट डागावर लावणं, मूग, चालणं. लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तरी दाखवून या. शिकलेल्या पोरांना अनुभवाची किंमत नसते.

हिला हात दाखवला. हिनं बराच वेळ बघितला. म्हणाली, मला तेवढाच दिसतो.

आता डॉक्टरांची जागा अडवून ठेवणं म्हणजे एखाद्या खऱ्या पेशंटवर अन्याय. २८ रद्द. रिसेप्शनिस्टनं ऐकून घेतलं नाही, ८ एप्रिल लिहून टाकली.

आनंदात आख्खा चॉकलेट केक आणला. डागाचा केक, म्हणून घरी नेला नाही. गाडीतच संपवला.

२७ मार्च
आजचा प्रकार लिहू की नको. लिहितो, कुणी वाचणार नाही.

ब्रेकबाईंना टिश्यू हवा होता, त्यांनी ड्रॉवर उघडला. काड्यापेटी उघडी होती. म्हणाल्या, सर, तुमच्या मसुराला मोड आलाय. म्हटलं, कसला मोड? त्यांनी दाणा नखावर घेऊन दाखवला. पांढरी शेपटी. म्हणाल्या, ओल लागली की फुगतोच, दुपटीनं. तिसरीच्या मुलांना आम्ही ओल्या कापसावर करून दाखवतो.

तिसरीच्या.

मी म्हटलं, मला माहीत आहे. उरलेला तास त्या छान चालवत होत्या. मी एकही सूचना दिली नाही. त्यांनीच विचारलं, सर, बरं वाटत नाही का?

२८ मार्च
नवा दाणा घेतला. डाग बाहेर डोकावतो. हा दाणा बारीक असेल. दुसरा घेतला. तिसरा. एका बरणीत एवढे दाणे, एक दुसऱ्यासारखा नाही. अकरावा दाणा जुळला. तोच खरा.

दहा दाणे चुकीचे होते, यात नवल काही नाही. बाजारात हल्ली काहीही येतं.

१ एप्रिल
ताटात भोपळ्याचं सूप, कोशिंबीर, एक भाकरी. ही पण तेच खाते. मी म्हटलं, तू कशाला? तुझं वजन कुठे आहे? म्हणाली, दोघांचं एकदम झालेलं बरं. बायकांना सगळ्यात बरोबरी लागते.

नंतर बाल्कनीत उभ्यानं बिस्किटांचा पुडा. उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही असं कुठेतरी वाचलंय.

४ एप्रिल
पॅंटचं बटण तुटलं. धोब्याच्या इस्त्रीनं दोरा जळतो.

७ एप्रिल
उद्या. सकाळपासून घरात या खोलीतून त्या खोलीत. तीनदा गाडी पुसली. ऊन कमी व्हावं म्हणून पडदे लावले, मग अंधार वाटला म्हणून काढले. डाग मोजला नाही. काल मोजला होता. लिहिला नव्हता.

दुपारी फोन केला. उद्या गाडीचं सर्व्हिसिंग आहे. (आहे म्हणजे आता ठरवलं.) रिसेप्शनिस्ट म्हणाली, तुम्हाला यायचंय का नक्की? काय बोलण्याची पद्धत. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं.

हिला सांगितलं, डॉक्टर परगावी गेलेत.

९ एप्रिल
ही ऑफिसातून नेहमीपेक्षा उशिरा आली. ताटं वाढली. जेवण झालं. मग म्हणाली, मी दवाखान्यात फोन केला होता. डॉक्टर परगावी नव्हते. कधीच नव्हते.

मी बरंच बोललो. टेस्ट, मूग, सर्व्हिसिंग. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ऐकून घेतलं तिनं. भांडली असती तर परवडलं असतं. म्हणाली, शनिवारी अकरा वाजता. मी येतेय बरोबर.

१० एप्रिल
पाचला उठलो. पहिल्यांदाच. झोपलो असतो तर उठलो असं म्हणता आलं असतं.

११ एप्रिल, शनिवार
गेलो.

रिसेप्शनिस्टनं रजिस्टर उलटं करून मला दाखवलं. माझं नाव तीन पानांवर, तिन्ही ठिकाणी काट. म्हणाली, अखेर दर्शन झालं. वेटिंगमधले सगळे बघत होते. वजन केलं. ८९.

आत डॉक्टरांनी भिंग लावलं. दहा सेकंद. घड्याळाकडे बघत होतो म्हणून माहीत आहे. म्हणाले, काही नाही, वयाचा डाग आहे. मी विचारलं, म्हणजे? म्हणाले, वय झालं की येतात. औषध? नाही. आणखी येतील. हा राहू द्या, पोट कमी करा.

 खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो. आता लिहूनच टाकतो: घाबरलो होतो. पहिल्या दिवसापासून. तारीख मिळाली की भीती आणि पुढे ढकलली की दोन दिवस सुटका. डॉक्टरांना म्हटलं, थॅंक यू, थॅंक यू. चारदा म्हटलं असेन. डोळ्यांतून पाणी आलं, ते सनस्क्रीन गेलं म्हणून असं सांगितलं. आज लावलंच नव्हतं.

उठलो. ही उठली नाही. म्हणाली, डॉक्टर, माझंही जरा बघता का? यांचं झालं की दाखवायचं ठरवलं होतं. केस बाजूला केले. मानेच्या मागे, कॉलर घासते तिथे.

तिला आधी स्वतःची वेळ घ्यायची नव्हती. मी घाबरेन म्हणून. माझं एकदा नीट निघालं की मग, असं तिनं मार्चपासून ठरवलं होतं.

डॉक्टरांनी भिंग लावलं. मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण दहा सेकंद नक्कीच नव्हते. त्यांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. विचारलं, कधीपासून आहे? ही म्हणाली, वाढतंय दोन-तीन महिने. म्हणाले, बहुतेक काही नसेल. पण काढून तपासायला पाठवू. जरा आधी आला असतात तर बरं झालं असतं.

'आला असतात' हे ते हिच्याकडे बघून म्हणाले. ही माझ्याकडे बघत नव्हती.

बाहेर रिसेप्शनिस्टनं सोमवारची साडेनऊची वेळ दिली. ही पर्समध्ये कागद ठेवत होती. मी काउंटरवर वाकून विचारलं, आज नाही का जमणार? ती म्हणाली, आज नाही. म्हटलं, उद्या? म्हणाली, उद्या रविवार. मी तिथेच उभा राहिलो.